चिलीला निघण्यापूर्वी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा नुसते "बरं" म्हणाले आणि आईने फोन आत्याच्या हाती दिला, म्हणून हे पत्र. करारावर मी सही केली आहे. जानेवारीपासून तीन वर्षे मी चिलीतल्या ला सेरेना या समुद्रकाठच्या गावी राहीन आणि पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांच्या कक्षा काढण्याचे काम करीन. तुम्हाला न विचारता ठरवले, याची बोच मला आहे.

"आभाळातले दगड मोजायला इतक्या दूर कशाला?" हा आईचा प्रश्न रास्त आहे. पण १८४३ साली आपल्याच खानदेशात, मानेगावला, उल्का पडली होती. २०१३ मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरचा दगड हवेतच फुटला, तेवढ्याने दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांमुळे. आणि तो सूर्याच्या बाजूने आल्याने आधी कोणालाच दिसला नव्हता. बाबा, पाटाचे पाणी वरच्या तोंडाशी फावडेभर मातीने वळते, खाली बांध फुटल्यावर गोण्या टाकूनही ऐकत नाही, हे तुम्हीच शिकवलेत. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे 'डार्ट' यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले, तेव्हा त्या लघुग्रहाचा वेग सेकंदाला तीन मिलिमीटरहूनही कमी बदलला. तरी त्याची मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची जवळपास बारा तासांची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून अधिक घटली. म्हणजे धक्का लहान चालतो, पण तो कित्येक वर्षे आधी द्यावा लागतो, आणि त्यासाठी दगड वेळेत सापडावा लागतो. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेला सुरुवातीच्या दहाएक तासांच्या निरीक्षणांतच दोन हजारांवर नवे लघुग्रह सापडले. कक्षा काढायला माणसे नकोत का?

आई, मला डोंगरावर थंडीत उभे राहायचे नाही. काम खोलीत बसून, संगणकावर आहे. खोलीला स्वयंपाकघर आहे. तिथल्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंची तपासणी फार कडक असते, तेव्हा बिबड्यांचा डबा बांधू नकोस. (बांधशीलच, ठाऊक आहे.)

उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर निजताना, तारा पडला तर आपली केळी मोडतील का, असे मी विचारले होते, बाबा म्हणाले होते, "पडू दे, मी झेलीन." त्या रात्री मी निर्धास्त झोपले होते.

आता ऐका. साखर दर सोमवारी तपासून वहीत लिहायची. बाबांनी एकट्याने धाब्यावर चढायचे नाही. आईने गुडघ्याचे दुखणे दिवाळीनंतरवर ढकलायचे नाही. नाशिकच्या मंडळींना मीच कळवीन, तुम्ही संकोचू नका. काकांनी मोबाइलवर अपोफिस या लघुग्रहाचे भय पाठवले, तर सांगा की तो १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे सुमारे ३२,००० किलोमीटरवरून निघून जाईल, आदळणार नाही. तोवर माझा करार संपलेला असेल. त्या रात्री धाब्यावर तीन गाद्या घाला, फक्त त्या वर मी नेईन.

तुमची,
ताई