एका गुणाने गेलेलं जगज्जेतेपद

कोलन, सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि व्यायामाचा कंटाळा करू देऊ नकोस.

आता तुझ्या-माझ्या वादाकडे येतो. फोनवर तू म्हणालास, ऐंशीच्या दशकातल्या टूरिंग कारच्या (म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या मॉडेलांच्या) शर्यती म्हणजे घरगुती गाड्यांना स्टिकर चिकटवून पळवणं. खरी गंमत फॉर्म्युला वनमध्ये, नाहीतर ग्रुप बी रॅलीत. आणि वर हेही, की १९८७चं टूरिंग कारचं जगज्जेतेपद ट्रॅकवर नाही, कागदावर ठरलं, म्हणून त्याला काडीची किंमत नाही. हे दुसरं वाक्य माझ्या फार मनाला लागलंय. फोनवर सगळं मांडता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे: त्या गाड्या कागदामुळेच, म्हणजे नियमांमुळेच, जन्माला आल्या. कागद बाजूला काढलास तर बीएमडब्ल्यूची एम-३ नाही, फोर्डची आरएस-५०० नाही, मर्सिडीजची एव्होल्युशन नाही. मग त्याच कागदाने एखाद्याचं जेतेपद हिरावलं तर तो शर्यतीचाच भाग झाला, बाहेरचा अन्याय नव्हे.

१९८२ला ग्रुप ए आला, म्हणजे या गाड्यांसाठीची नवी नियमावली. अट साधी होती. जी गाडी पळवायची, तिच्या बारा महिन्यांत किमान ५००० गाड्या तयार झाल्या पाहिजेत. पुढे त्यात सुधारणा करायची असेल, मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), वेगळा स्पॉयलर, काहीही, तर त्या सुधारणेसकट आणखी ५०० गाड्या बनवायच्या. हे सगळं होमोलोगेशनच्या, म्हणजे गाडी शर्यतीसाठी मान्य करून घेण्याच्या, फॉर्मवर नोंदलं जायचं. तो फॉर्म म्हणजे गाडीचा सातबाराच म्हण: त्यावर जे चढलंय ते तुझं, जे नाही ते तुझं नाही, मग तू कितीही कसून मेहनत केलेली असो.

आता बघ या अटीतून काय निघालं. फोर्डकडे सिएरा कॉसवर्थ होती, दोन लिटरची, टर्बोवाली, रस्त्यावर २०४ अश्वशक्तीची. शर्यतीत तिला जास्त दम लागणार होता, म्हणून १९८७मध्ये त्यांनी मुद्दाम राखून ठेवलेल्या ५०० सिएरा इंग्लंडमध्ये अॅस्टन मार्टिन टिकफर्डकडे पाठवल्या आणि त्यांची आरएस-५०० करून घेतली. जाड भिंतींचा ब्लॉक, मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर. रस्त्यावरच्या गाडीची ताकद वाढून झाली जेमतेम २२४. एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

त्याचं उत्तर मी गेल्या महिन्यात इथल्या नुरबुर्गरिंग ट्रॅकवर, ओल्डटायमर ग्रां प्री या जुन्या गाड्यांच्या शर्यतींना, डोळ्यांनी पाहिलं. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या असतात त्या आवारात, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली काळी आरएस-५०० बॉनेट उघडून लावली होती, नंबरप्लेटसकट, रोज वापरातली वाटावी अशी. मी वाकून बघतोय हे पाहून त्यांनी बोट दाखवलं. हवा आत घेणाऱ्या इनटेकवर इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या दोन ओळी आहेत, चार आणि चार. वरच्या चारांवरून बोट फिरवत ते म्हणाले, ही ओळ या गाडीत कधीच चालू झाली नाही. कारखान्यातून बसवून आली, पण जोडलीच नाही. रस्त्यावर तिची गरज नव्हती. ती तिथे होती ती फक्त फॉर्मवर तिची नोंद व्हावी म्हणून. शर्यतीच्या गाडीत तीच ओळ चालू करायची, टर्बोचा दाब वाढवायचा, आणि २२४ची गाडी ५००च्या पुढे जायची. फॉग लॅम्पच्या जागी हवेसाठी नुसती भोकं, मागच्या मोठ्या स्पॉयलरखाली आणखी एक छोटी पट्टी, सगळं त्याच हिशेबाने. बाळ्या, त्या न जोडलेल्या चार इंजेक्टरकडे मी कितीतरी वेळ बघत उभा होतो. स्टिकर चिकटवलेली घरगुती गाडी म्हणतोस ना, तिच्या पोटात हे होतं.

समोर होती बीएमडब्ल्यू. म्युनिकचे पाउल रोशे हे इंजिनवाले. नेल्सन पिकेने ज्या टर्बोवर १९८३चं फॉर्म्युला वनचं जेतेपद घेतलं, ते इंजिन त्यांच्याच हाताखालचं. त्यांना वरून विचारणा झाली की ३ सिरीज या नेहमीच्या गाडीसाठी काहीतरी जोरकस इंजिन होईल का. त्यांनी सहा सिलिंडरच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, घेतलं, त्यातले दोन सिलिंडरांचे भाग कापून टाकले, उघड्या तोंडावर पट्टी मारली आणि ते चार सिलिंडरच्या ब्लॉकवर बसवलं. दोन आठवड्यांत एम-३चं पहिलं इंजिन तयार. तुझ्यासारख्या टूलरूममधल्या माणसाला हे सांगायला नको की असलं काम कागदावर ड्रॉइंग काढत बसून होत नाही. हा ब्लॉकही पिकेच्या इंजिनाच्या ब्लॉकच्याच घराण्यातला. तुझं लाडकं फॉर्म्युला वन इथेही आहेच.

आणि एम-३ची बॉडी नीट बघ कधीतरी. लांबून ती साधी ३ सिरीज दिसते. पण मागच्या काचेचा उतार बदललाय, काचेशेजारचा खांब रुंद केलाय, डिकीचं झाकण उंच आणि प्लास्टिकचं आहे, हे सगळं मागच्या पंखावर हवा नीट जावी म्हणून. मडगार्ड चौकोनी फुगवलेले, कारण खाली शर्यतीचे रुंद टायर मावायला हवेत. साध्या गाडीशी बाहेरून जुळणारे मोठे भाग म्हणजे बॉनेट, छत आणि दारं. पळवायला हवी तशी गाडी आधी ठरवली आणि मग ती ५००० लोकांना विकली, अशी उलटी गंगा होती ती.

आता १९८७. टूरिंग कारची पहिली जागतिक मालिका, आणि त्या काळातली एकमेव. पुढच्या वर्षी ती बंदच पडली. गुण मिळवायचे तर प्रत्येक गाडीमागे ६० हजार डॉलर भरून नाव नोंदवायचं, म्हणजे श्रीमंतांचाच खेळ. एका बाजूला श्नित्झर संघाची एम-३, चालवायला रोबेर्तो राव्हाग्लिया आणि एमान्युएले पिर्रो. दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंडच्या रुडी एगेनबर्गरच्या टेक्साकोच्या काळ्या सिएरा. एकीत क्लाउस लुडविग आणि क्लाउस नीडझ्वीट्झ, दुसरीत स्टीव्ह सोपर आणि पिएर दियदोने.

मार्चमध्ये इटलीतल्या मोंझाला पहिली शर्यत झाली. पुढे आलेल्या सगळ्या एम-३ बाद झाल्या. बॉडीचे भाग नोंदवलेल्यापेक्षा हलके निघाले. आणि पहिला नंबर कोणाला? सातव्या आलेल्या ऑस्ट्रेलियन होल्डन कमोडोरला! ॲलन मॉफट आणि जॉन हार्वी. मॉफट म्हणजे मूळचा फोर्डचा माणूस. १९७७ला ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या डोंगरावर त्याच्या दोन फोर्ड फाल्कन जोडीने रेषेपार गेल्या, ते दृश्य तिकडे अजून लोक विसरलेले नाहीत. त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी होल्डनचा पीटर ब्रॉक. त्या वर्षी ब्रॉकचं होल्डन कंपनीशी बिनसलं, त्याची गाडी मॉफटने विकत घेतली, युरोपात नेली, आणि जागतिक मालिकेतली पहिली शर्यत होल्डनच्या नावावर केली. अशी गोष्ट रचून सांगितली असती तर तूच म्हणाला असतास, जरा जास्तच झालं.

ऑगस्टमध्ये आरएस-५००ला मान्यता मिळाली आणि वारं फिरलं. एम-३कडे ३००च्या आसपास अश्वशक्ती, सिएराकडे ५००. सरळ रस्त्यावर तुलनाच नाही. पण सिएरा मागचे टायर खायची, आणि लांबच्या शर्यतीत एम-३ टायर-इंधनासाठी पिटमध्ये कमी थांबून तेच अंतर भरून काढायची. बेल्जियममधल्या स्पाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी एम-३च जिंकली; सिएराला तिथे जिंकायला १९८९ उजाडलं. मला या दोघींची लढत आवडते ती यासाठी. एकीकडे नुसता जोर, दुसरीकडे तोल आणि काटकसर, आणि दोघी एकाच घड्याळासमोर.

ऑक्टोबरमध्ये बाथर्स्ट. माउंट पॅनोरमाचा सहा किलोमीटरचा रस्ता, एरवी गावकऱ्यांच्या येण्या-जाण्याचा, डोंगर चढून पुन्हा उतरणारा. दोन्ही काळ्या सिएरा पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. पण स्थानिक संघांनी तक्रार केली की पुढच्या चाकांवरच्या कमानी फॉर्मवर आहेत तशा नाहीत. मोठा टायर मावावा म्हणून त्या वाढवल्यात. महिने गेले, आणि शेवटी निकाल लागला: दोन्ही बाद. जिंकला कोण, तर पीटर ब्रॉक! त्याची स्वतःची ०५ नंबरची गाडी सुरुवातीलाच बंद पडली होती. मग तो संघाच्या दुसऱ्या गाडीत बसला, आणि शेवटी पाऊस आला तेव्हा गुळगुळीत टायरांवर ती गाडी ओल्या डोंगरावरून खाली आणत राहिला. डेव्हिड पार्सन्स आणि पीटर मॅक्लाउड सोबतीला. बाथर्स्टवरचा हा त्याचा नववा विजय.

आणि त्या निकालाने जगज्जेतेपद फिरलं. राव्हाग्लिया २६९, लुडविग आणि नीडझ्वीट्झ २६८. एक गुण!

इथेच तू म्हणतोस, कागदावर जिंकला. पण मोंझाला त्याच कागदाने बीएमडब्ल्यूचे गुण नेले होते, ते कसं विसरतोस? दोघांनीही फॉर्मच्या रेषेवर पाय ठेवला, दोघांच्याही पायाखालची जमीन एकेकदा गेली. तरी राव्हाग्लिया उभा राहिला, कारण त्याने निम्म्याहून थोड्या जास्त ताकदीच्या गाडीत अख्खा हंगाम गुण वेचले होते. फरक पन्नास गुणांचा असता तर बाथर्स्टच्या निकालाने त्याला काही मिळालं नसतं. तो इतक्या जवळ होता हेच त्याचं मोठेपण. लुडविगबद्दल मला वाईट वाटतं, अगदी मनापासून. त्याच्याइतकी वेगवान सिएरा दुसऱ्या कोणी चालवली असेल असं मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी जर्मन मालिका जिंकून त्याने ते दाखवूनही दिलं.

जर्मन मालिकेचं म्हणशील तर ती आणखी वेगळी. १९८५ला तिथे व्होल्वो २४० टर्बो जिंकली, पेर स्ट्युरेसनची. सरळ रेषांची, चौकोनी, लोक तिला उडती वीट म्हणायचे. त्याच वर्षी युरोपचं जेतेपदही याच गाडीने नेलं. १९८७ला एरिक व्हान दे पूल एम-३तून जर्मन विजेता झाला, एकही शर्यत न जिंकता. प्रत्येक ठिकाणी पुढच्या रांगेत राहून. तुझ्या हिशेबाने हेही कागदी, नाही का? मला तर तसा विजय सगळ्यात अवघड वाटतो.

आणि मर्सिडीज. तू आयर्टन सेनाचा भक्त, म्हणून हे खास तुला. मे १९८४, नुरबुर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू झाला. उद्घाटनाला सगळ्यांना एकसारख्या १९० ई २.३-१६ गाड्या दिल्या. लाउडा, प्रोस्ट, रॉयटेमान, रोझबर्ग, हंट, मॉस, ब्रॅबहॅम, त्यांत फॉर्म्युला वनचे कितीतरी जगज्जेते. पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा, प्रोस्टची. फॉर्म्युला वनमध्ये नुकताच आलेला सेना फिटिपाल्डीच्या जागी बसला आणि जिंकला. लाउडा दुसरा. चार दारांची, मागे सूटकेस मावणारी गाडी. त्या दिवसापासून जग सेनाला ओळखू लागलं असं मी म्हणतो. आणि त्या गाडीचं सिलिंडर हेड कोणी केलं होतं? इंग्लंडच्या कॉसवर्थने, म्हणजे सिएराचं इंजिन करणाऱ्यांनीच. पुढे १९८९ला मर्सिडीजने ५०२ एव्होल्युशन काढल्या, १९९०ला दुसऱ्या एव्होल्युशनच्या आणखी ५०२, मागे तो भलाथोरला पंख लावून. ५०० हवेत म्हणून ५०२! आज लोक त्यांना कपाटात ठेवल्यासारख्या जपतात. बनवल्या होत्या मात्र नियमाचा आकडा गाठायला.

तू पुढच्या ऑगस्टला इकडे येच. व्हिसाची तारीख आत्तापासून घे, ऐनवेळी मिळत नाही. ओल्डटायमर ग्रां प्रीचं पॅडॉकचं तिकीट मी काढून ठेवतो. नुसत्या स्टँडवर बसलास तर काहीच दिसणार नाही, आत फिरायला पाहिजे. आणि जाड जॅकेट आण, तिथे ऑगस्टमध्येही दुपारी पाऊस येऊन गारठतं. इंजेक्टरच्या त्या दोन ओळींचे फोटो सोबत पाठवतोय. टूलरूममधल्या पोरांना दाखव, आणि त्या इनटेकचं मशिनिंग तुझ्या मते कसं केलं असेल ते मला लिही. पत्रच लिही, फोन नको.

तुझा,
मन्या