मान वर करता यावी म्हणून

मालवण,
मे महिन्याचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास, "मान वर करूक जमणा नाय, आणि अर्धी बाग अजून उतरवची आसा." तेव्हापासून डोक्यात तेच आहे. म्हणून सविस्तर लिहितो. वहिनींनाही वाचायला दे, त्या तुझ्याकडून करून घेतील.

झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीवाली काठी, धरून दिवसभर उभं राहायचं म्हणजे मान मागे, हात डोक्यावर आणि बांबूच्या टोकाला आंब्यांचं वजन. दुखते मान, पण अडलेली असते बऱ्याचदा पाठ, खांद्यामागच्या दोन फऱ्यांच्या, म्हणजे चपट्या हाडांच्या, मधली. ती मागे वाकत नाही, मग सगळा ताण मानेवर. म्हणून सुरुवात पाठीपासून कर.

चटईवर फोम रोलर, म्हणजे फोमचा लोडासारखा गोल दांडा, आडवा ठेव आणि फऱ्यांची खालची टोकं त्यावर येतील असा उताणा झोप. गुडघे दुमडलेले, डोकं दोन्ही हातांत. श्वास सोडत पाठ हळूच मागे सोड. तीन-चार श्वास झाले की रोलर दोन बोटं वर घे. कमरेखाली किंवा मानेखाली तो अजिबात घ्यायचा नाही.

फऱ्याच्या आतल्या कडेला रोलर पोचत नाही. तिथे टेनिस बॉल मोज्यात घालून भिंतीशी धर आणि पाठीने दाब. दुखरी जागा सापडली की ३० ते ९० सेकंद थांब. श्वास अडकला किंवा दात आवळले गेले, तर दाब जास्त झाला.

हे मुद्दाम सांगतो, कारण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं दुखऱ्या पोटऱ्या घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, गाठ फोडा." फोडायचं काही नसतं रे. ज्याला ते गाठ समजतात तो फॅशिया म्हणजे स्नायूंवरचं आवरण, मटण साफ करताना हाताला लागतो तो पांढुरका पापुद्रा. तो कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा, चिवट. रोलरच्या दाबाने त्याचा आकार बदलत नाही. बदलते ती बहुधा मज्जासंस्थेची दुखण्याला दाद देण्याची पद्धत. एका पायावर रोलर फिरवला तर कधी कधी दुसऱ्या पायाचीही हालचाल वाढलेली दिसते, ती उगाच नाही. म्हणून सोसेल एवढाच दाब पुरतो, आणि तोच लागतो.

हा मोकळेपणा टिकतो मात्र थोडाच वेळ, फार तर अर्धा तास. म्हणून सकाळी बागेत शिरण्याआधी कर आणि लगेच हात वर ने, मान दोन्हीकडे वळव, झेल्याशिवाय दहा-बारा वेळा. मिळालेली हालचाल वापरली तरच अंगात मुरते. खूप वेळ ताणून धरल्यावर जोर थोडा कमी पडतो, तसं रोलरने सहसा होत नाही. कामाआधी हेच बरं.

एक गोष्ट मात्र मनावर घे. हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली किंवा झेल्यावरची पकड सुटायला लागली, तर रोलर बाजूला ठेव आणि सरळ डॉक्टरांकडे जा. काढणी थांबली तरी चालेल. आणि काकूंची हाडं ठिसूळ झाली आहेत, त्यांना यातलं काही करू देऊ नकोस.

रविवारी देवगडला येतोय. रोलर मीच आणतो, मध्यम कडक. काटेवाला घेऊ नकोस. तोवर बॉलवर भागव. आलो की झेला घेऊन माझ्यासमोर उभा राहा, हात कुठवर जातो ते मला बघायचंय.

तुझाच