रांग कुठे लागते, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेटवरचे फोन तुटक का ऐकू येतात, हे समजावून सांगणारा लेख कालच्या अंकात वाचला. राउटरच्या सेटिंगमध्ये आवाजाला प्राधान्य देणारा पर्याय सुरू करावा, म्हणजे बाकीचा डेटा बाजूला होतो आणि आपला फोन रुग्णवाहिकेसारखा पुढे निघून जातो, असे लेखकमहाशयांचे म्हणणे आहे. वाचून समाधान वाटले असते. परंतु तो पर्याय माझ्या घरी तीन महिने सुरूच होता, आणि त्याच तीन महिन्यांत एक शब्द वाटेत गळाल्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीने रक्तदाबाच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या नव्हत्या.

"त्या गोळ्या बंद करायच्या नाहीत," असे मी तिला सांगितले होते. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेपटाशी असतो आणि नेमके शेपूटच तुटले. आवाज सहसा २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे होतात. 'नाहीत' म्हणायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो असे धरले, तर ती सोळा-सतरा पॅकेटे भरतात. ती वाटेत हरवली काय किंवा उशिरा पोहोचली काय, ऐकणाऱ्याच्या फोनला दोन्ही सारखेच, कारण तोवर त्यांची वाजण्याची वेळ टळून गेलेली असते. फायलीचे हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता येते. बोललेला शब्द पुन्हा मागवून उपयोग नसतो.

त्या वेळी आतल्या खोलीत पुतण्याच्या लॅपटॉपवरून सहलीचे फोटो अपलोड होत होते. प्राधान्य होते, तरी फोटोंनी आवाजाला अडवले कसे, हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर शोधण्यात एक रविवार गेला. राउटरमध्ये अपलोडचा वेग भरायची एक चौकट असते. माझ्या राउटरमध्ये तिथे १०० मेगाबिट असा आकडा होता आणि प्रत्यक्षात वेग होता ५ मेगाबिट. राउटरला वाटत होते की रस्ता मोकळा आहे, म्हणून तो आलेले सगळे पुढे ढकलत होता, आणि खरी रांग त्याच्यापुढच्या मोडेममध्ये (घराला बाहेरच्या तारेशी जोडणाऱ्या पेटीत) लागत होती, जिथे कोण आधी आणि कोण नंतर हे पाहणारे कोणीच नव्हते. अशा जागी एक मेगाबाइट (म्हणजे आठ मेगाबिट) माल साठला, तर ५ मेगाबिटच्या वेगाने तो उपसायला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो. आणि बोलणे सहज वाटायचे तर एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे दूरसंचाराचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. मी त्या चौकटीत साडेचार भरले. थोडे कमी अशासाठी, की रांग लागायचीच असेल तर ती राउटरच्या दारात लागावी, कारण प्राधान्य जिथे रांग आहे तिथेच चालते. एवढे एक वाक्य आपल्या लेखात असते, तर माझा रविवार वाचला असता. लेखकांची रुग्णवाहिका अंगणात भोंगा वाजवत होती आणि कोंडी होती पुढच्या चौकात.

'अधिक वेगाची जोडणी घ्या' हा लेखातला दुसरा सल्लाही तितकाच उदार आहे. एका फोनला १०० किलोबिटसुद्धा लागत नाहीत. त्याला लागते वेळेवर सुटका, आणि तिचा महिन्याच्या योजनेतल्या मोठ्या आकड्याशी थेट संबंध नाही. शिवाय पॅकेटावर जो प्राधान्याचा शिक्का मारतात (आवाजासाठी सहसा ४६ हा आकडा), तो घराच्या उंबऱ्याबाहेर मानला जाईलच असे नाही. इंटरनेट पुरवणारे पुष्कळ सेवादार तो पुसून टाकतात. माझ्या सेवादाराच्या मदत केंद्राला मी हे विचारले, तेव्हा "राउटर बंद करून पुन्हा चालू करा" असे उत्तर अत्यंत सौजन्याने मिळाले.

बहीण आता बरी आहे. मात्र माझ्या प्रत्येक वाक्यानंतर ती "नाही म्हणालास की हो?" असे विचारून घेते.

जाता जाता एक विनंती. आपल्या संकेतस्थळावर बातमी उघडली की न मागता चित्रफीत सुरू होते. वर सांगितलेला उपाय बाहेर जाणाऱ्या डेटाला लागू पडतो. येणाऱ्या डेटाची रांग सेवादाराच्या यंत्रात लागते आणि तिथे माझ्या राउटरचा हात फारसा पोहोचत नाही. तेव्हा फोन कसे सुधारावेत हे शिकवणाऱ्या पानावर तरी ती चित्रफीत वाचकाने बोट लावल्याखेरीज सुरू होऊ नये, एवढे आपल्याला सहज करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक