आधी दोर बघा, मग गाणं ऐका : तांडेलदादांना आभाराचं पत्र

प्रिय तांडेलदादा,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून ही हाक. ज्याच्या हाती सुकाणू तो तांडेल. आणि समुद्रावरच्या मालिका, चित्रपट नि त्यांतली खलाशी धाटणीची गाणी यांच्या बाबतीत आम्हां चौघांचं सुकाणू तुमच्याच हाती होतं. पत्र उघडं ठेवतोय, कारण तुमची यादी आता या हातातून त्या हातात फिरते आहे आणि फिरता फिरता तिच्या माथ्यावरचं वाक्य गळून पडलं आहे. नावं राहिली, किल्ली हरवली. तुम्ही लिहिलं होतंत : ‘आधी दोर बघा, मग गाणं ऐका.’ हे आभार मुख्यतः त्या सहा शब्दांचे.

ज्यांच्याकडे नुसती नावं पोचली त्यांच्यासाठी ती किल्ली इथे पुन्हा मांडतो. चुकलं तर कान धरा.

शँटी म्हणजे शिडाच्या जहाजावरचं श्रमगीत. म्होरक्या एक ओळ टाकतो, बाकीचे झील धरतात. पोवाड्यातला शाहीर आणि त्याचे झीलकरी डोळ्यांपुढे आणले की बांधणी लगेच कळते. फरक इतकाच की इथली झील शोभेची नाही. झिलेतल्या ठरलेल्या शब्दावर सगळ्यांचं वजन एकाच क्षणी दोरावर पडलं पाहिजे, नाहीतर शीड वर चढत नाही. म्हणून गाण्याचा ताल गायक ठरवत नाही, काम ठरवतं.

शिडाची जड आडवी काठी डोलकाठीवर चढवायची असेल तर हॅलियार्डचं, म्हणजे शीड चढवायच्या दोराचं, गाणं. ‘ब्लो द मॅन डाउन’ या जातीचं. म्होरक्याच्या ओळीत खलाशी दम घेतात आणि दोरावरची पकड पुढे सरकवतात. झिलेत दोन हिसके. गाणं संथ असतं ते दुःखामुळे नव्हे, पकड बदलायला वेळ लागतो म्हणून. शेवटचे चार-दोन इंच ताणून घ्यायचे असतील तर आखूड ओढीचं गाणं, जसं ‘हॉल अवे जो’. त्यात शेवटच्या एका शब्दावर एकच जबर हिसका. नांगर वर घ्यायचा तर कॅप्स्टन, म्हणजे उभा रहाट. त्याच्या दांड्यांना छाती लावून माणसं गोल गोल चालतात, हिसका नसतोच. म्हणून ‘शेनँडोआ’सारख्या लांब, वाहत्या सुरावटी तिथे चालतात. आणि ‘ड्रंकन सेलर’ हे या तिन्हींहून वेगळं. दोर खांद्याशी घेऊन सगळी पलटण डेकवर पाय आपटत चालत जायची, तेव्हाचं. त्याला माणसं भरपूर लागतात. चार खलाशी ते गाताना पडद्यावर दिसले की समजावं, दिग्दर्शकाला गाणं आवडलं होतं, काम ठाऊक नव्हतं.

शंका असेल त्याने विहिरीच्या कप्पीवर करून पाहावं. बादली पूर्ण भरा, दोघे दोराला लागा आणि झिलेत दोनच हिसके द्या. पबमधल्या ध्वनिमुद्रिकांच्या वेगाने गायलात तर तिसऱ्या कडव्याला पकड सुटते आणि तळहात सोलवटतात. वेग जवळपास निम्मा करा, बादली मुकाट वर येते. (कप्पीला करकर असेल तर आधी तेल द्या. ती करकर स्वतःचाच ताल लावते.)

शेवट कसा होतो तेही तुम्हीच दाखवलंत. काम संपलं की मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, ओरडतो आणि गाणं ओळीच्या मध्येच तुटतं. काम लांबलं तर म्होरक्या तीच ओळ दोनदा घेतो, दुसऱ्या गाण्याची कडवी उसनी आणतो, कॅप्टनला चार टोमणे हाणतो. म्हणून एकाच गाण्याचे दहा पाठ सापडतात आणि त्यांतला ‘मूळ’ कोणता हा वाद फुकाचा. छापील पाठ सोवळे का वाटतात याचंही कारण साधं आहे : संग्राहकांनी शिव्या आणि चावटपणा गाळला. खुद्द शिडाच्या जहाजावर म्होरक्या म्हणून गायलेला स्टॅन ह्युगिल (1906–1992), ज्याचा 1961चा संग्रह आजही या विषयातला पहिला आधार आहे, त्यानेही शब्द सौम्य करूनच छापले.

आता यादीकडे. तिचा क्रम बदलू नका असं तुम्ही सांगितलं होतंत आणि लोक नेमकं तेच करतात. नवख्याच्या हाती पहिल्याच दिवशी ‘ब्लॅक सेल्स’ देतात : चार हंगाम, 38 भाग, 2014 ते 2017. पहिला हंगाम धीमा, हिंसा आणि शरीरसंबंध उघडे. घरात मुलं असतील तर टीव्ही बंद होतो आणि माणूस या वाटेला परत फिरकत नाही. मालिका मोठी आहे यात वाद नाही. दुसऱ्या हंगामात ती पकडते आणि मग सोडत नाही. पण ती तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची. तिच्या शीर्षकसंगीतात बेअर मॅक्रीरीने हर्डी-गर्डी वापरलं आहे. हे चाक फिरवून तारा घासायचं वाद्य मध्ययुगापासूनचं, म्हणजे 1715च्या नॅसाऊ बंदरात, जिथे ही मालिका घडते, ते शोभतं. समुद्री चाच्यांच्या इतर चित्रपटांत कॉन्सर्टिना किंवा अकॉर्डियन वाजतं, तिथे मात्र शंभरेक वर्षांची गफलत असते. ही दोन्ही वाद्यं 1829च्या आसपासची. तसंच शँटीचं. आपण ज्याला शँटी म्हणतो तो प्रकार बहरला एकोणिसाव्या शतकात, व्यापारी जहाजांवर माणसं कमी आणि घाई जास्त झाल्यावर. ‘ड्रंकन सेलर’ची पहिली ठळक नोंद 1839च्या एका अमेरिकी व्हेलिंग (देवमाशांच्या शिकारीच्या) सफरीतली. 1715चा चाचा ते गात असेल तर हसून पुढे जावं, मालिका बंद करू नये.

तुमचा पहिला क्रमांक होता ‘हॉर्नब्लोअर’. आठ दूरचित्रवाणीपट, 1998 ते 2003. क्रमाने बघायचे, कारण पोरगेला मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ नौदल अधिकारी, पदोपदी वर चढतो आणि मधला भाग गाळला तर कुणाचा राग कुणावर आहे ते कळत नाही. इथे एक तक्रार नेहमी येते : ‘जहाज आहे, खलाशी आहेत, मग दोर ओढताना कुणी गात का नाही?’ तुमचं उत्तर आम्ही आता तोंडपाठ सांगतो. ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका आहे. तिथे कामाच्या वेळी गाण्याला साधारणतः मज्जाव. हुकूम ऐकू गेला पाहिजे. ताल द्यायला बोसनची, म्हणजे डेकवरच्या मुकादमाची, शिट्टी, कॅप्स्टनपाशी फिडल किंवा बासरी, आणि हात तर शेकड्यांनी. गाण्याची गरज व्यापारी जहाजाला, कारण तिथे मूठभर माणसांकडून तेवढंच काम काढायचं असतं. म्हणजे मालिकेतली ती शांतता हा दोष नाही, अभ्यास आहे.

त्याच काळाचा ‘मास्टर अँड कमांडर’ (2003) तुम्ही मुद्दाम दुसरा ठेवलात. 1805ची गोष्ट. वर कॅप्टनच्या दालनात व्हायोलिन आणि चेलोवर बोकेरिनी या संगीतकाराची रचना, अधिकाऱ्यांच्या टेबलाशी पोटभर जेवणानंतर ‘डोंट फरगेट युअर ओल्ड शिपमेट’. म्हणजे गाणी आहेत, पण हात मोकळे असतानाची. टीव्हीच्या सपाट स्पीकरवर हा चित्रपट वाया जातो. ध्वनिसंकलनाचं ऑस्कर त्याला मिळालं आहे; हेडफोन लावले की लाकडाचं कण्हणं, दोरांचा ताण, तळमजल्यावरची कुजबुज हे सगळं थरांत ऐकू येतं आणि शीडजहाज हेच एक वाद्य आहे हे कळतं.

मग ‘मोबी डिक’, जॉन ह्यूस्टनचा, 1956चा. आयर्लंडमधल्या यॉल बंदराला अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदराचं सोंग दिलं आणि म्होरक्याच्या भूमिकेत खऱ्या लोकगीत-अभ्यासकाला, ए. एल. लॉइडला उभं केलं. जहाज निघतानाचं ते गाणं दोनदा बघा : एकदा लॉइडच्या तोंडाकडे, एकदा फक्त खलाशांच्या हातांकडे. तुमच्या वाक्याचा अर्थ आम्हांला कळला तो त्या दुसऱ्या वेळी.

‘द ओनेडिन लाइन’बद्दल थोडक्यात : बीबीसी, 1971 ते 1980, 91 भाग. लिव्हरपूल, 1860पासून पुढे. शँटीचा ऐन भर आणि वाफेच्या जहाजांनी तिचा गळा आवळायला केलेली सुरुवात, दोन्ही एकाच कथेत. शीर्षकसंगीत मात्र लोकधून नव्हे. संगीतकार खाचातुरियनच्या ‘स्पार्टाकस’ बॅलेतला तुकडा आहे. 91चा आकडा ऐकून घाबरणाऱ्याला पहिला हंगाम तेवढा द्यावा. नाद लागला तर तो उरलेले स्वतः शोधतो.

ज्यांना मालिका नको, गाणीच हवीत, त्यांना ‘फिशरमन्स फ्रेंड्स’ (2019). कॉर्नवॉलमधल्या पोर्ट आयझॅकच्या गायकांना 2010मध्ये खरोखरच मोठ्या कंपनीचा करार मिळाला होता, त्यावरून रचलेली हलकीफुलकी गोष्ट. आईवडिलांना घेऊन बघता येते. फक्त ते भरघोस तीन-चार पट्ट्यांतलं गायन किनाऱ्यावरचं आहे हे ध्यानात असू द्या; डेकवर वारा तोंडावर असताना कुणी पट्ट्या जुळवत बसत नसे.

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधलं ‘हॉइस्ट द कलर्स’ जुनं लोकगीत समजून पुढे धाडणारे पुष्कळ. ते 2007च्या चित्रपटासाठी नव्याने बांधलेलं आहे. फाशीच्या रांगेत उभे असलेले कैदी ते गातात. दोर आहे, पण गळ्याशी. ओढायचं काही नाही, म्हणून त्यात हिसक्याची जागाही नाही. चाल उत्तम आहे. फक्त शँटी म्हणू नये. ‘वेलरमन’चंही तेच. 1831मध्ये न्यूझीलंडच्या ओटागोला व्हेलिंगचं ठाणं उभारणाऱ्या वेलर बंधूंवरून आलेलं नाव, 1973च्या संग्रहात छापलं गेलेलं गाणं, आणि जानेवारी 2021मध्ये जगभर पसरलेली लाट. पण ते झील असलेलं कथागीत आहे, दोराचं गाणं नव्हे.

‘जॉज’मध्ये (1975) म्हातारा क्विंट गुणगुणतो त्या ‘स्पॅनिश लेडीज’वरची तुमची टीप आम्हांला सगळ्यांत आवडली. ते फावल्या वेळचं गाणं, पण त्यात नकाशा दडलेला. इंग्लिश खाडीच्या तोंडाशी उशांटपासून सिलीपर्यंत 35 लीग, म्हणजे 105 सागरी मैल. मग शिसं सोडून खोली मोजायची, तळाला पांढरी वाळू लागते का ते बघायचं. (शिशाच्या बुडाला चरबी फासत, तिला वाळू चिकटून वर येई.) पुढे डॉडमन, रेम हेड, स्टार्ट, पोर्टलंड, बीची, डंजनेस : पश्चिमेकडून पूर्वेकडे खुणेची टोकं एकामागून एक. गाण्यातली खोली फॅदममध्ये आहे. आपल्याकडे तीच वाव, दोन्ही हात पसरले की भरते ती.

आपल्याकडचा धागा एवढ्यावर थांबत नाही. या जहाजांवर हिंदी खलाशीही होते आणि त्यांची ‘लष्करी’ बोली (सैन्याची नव्हे; अशा खलाशांना लष्कर म्हणत) पोर्तुगीज, फारशी, हिंदुस्तानी अशी कालवलेली. थॉमस रोबकने 1811मध्ये तिचा कोशच केला. ‘आरिया’ म्हणजे खाली सोड, मूळ पोर्तुगीज. क्रेनखाली उभा राहून ‘हबेस’ (वर घे), ‘आरिया’ म्हणणारा खलाशी हेच शब्द वापरतो, समुद्र दूर असला तरी.

नुसते आभार मानून हात हलवत यायचं बरं दिसत नाही, म्हणून परतीची यादी. तुमच्या कसोटीवर घासूनच पाठवतोय. रामू करिआट यांचा मल्याळम ‘चेम्मीन’ (1965), संगीत सलील चौधरी, गीतं वयलार यांची. त्यात ‘पुत्तन वलक्कारे’ हे कोळ्यांचं समूहगीत आणि मन्ना डे यांचं ‘मानसमैने वरू’ पाठोपाठ ऐका. पहिल्यात सगळी वस्ती एका ठेक्यात. दुसऱ्यात किनाऱ्यावर एकटा माणूस, हाताला काम नाही, म्हणून सूर लांबत जातो. मग सचिनदेव बर्मन यांची भटियाली : ‘सुजाता’तलं (1959) ‘सुन मेरे बंधू रे’ आणि ‘बंदिनी’तलं (1963) ‘मेरे साजन हैं उस पार’. समुद्राची नव्हे, नदीची गाणी. पण भटियाली म्हणजे ओहोटीच्या ओढीने नाव आपसूक वाहते तेव्हाचं गाणं. वल्हं थांबलेलं, म्हणून ताल सैल. वल्हवायच्या सारी गाण्यांत तोच नावाडी ठेक्याला बांधला जातो.

आणि ‘मी डोलकर’? शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाई आणि हेमंतकुमार. त्यावर आम्हां चौघांत अजून एकमत नाही. दोघांच्या मते त्या लाटेत वल्ह्याचा झोका स्पष्ट आहे. दोघांच्या मते तो स्टुडिओत बांधलेला झोका आहे, वल्हं त्याला कधी लागलेलं नाही. निवाडा तुम्ही करायचा.

जाता जाता एक मागणं. गळक्या जहाजाचा पंप मारतानाची गाणी तुमच्या यादीत नाहीत. ‘लीव्ह हर जॉनी’ सफरीच्या शेवटच्या दिवशी पंपावर म्हणत, एवढं तुमच्याचकडून कळलं. पण पडद्यावर पंपाचा दांडा आणि गाण्याची झील एकत्र वरखाली होताना आम्हांला अजून दिसलेली नाहीत. कुठे सापडली तर भाग आणि मिनिट कळवा, हातांकडे बघायचं की तोंडाकडे ते आम्ही ठरवू.

आपले,
चार झीलकरी