सुट्टीत वाचनालय उघडं ठेवा, आणि कपाटात मराठीही असू द्या

मा. ग्रामीण विकास व पंचायतराज मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय शाळेच्या मुलांचा आणि पत्र तुम्हाला, कारण एप्रिलच्या दहा-अकरा तारखेला शाळेला कुलूप लागतं ते मे संपता संपता निघतं. मधल्या दीड महिन्यात गावात मुलांसाठी उघडं राहू शकेल असं सरकारी दार एकच, ग्रामपंचायतीचं वाचनालय. म्हणजे तुमच्या खात्याचं अरिवु केंद्र.

सुट्टीत मुलं रिकामी असतात, असं कुणी सांगितलं तर मानू नका. आमच्या खानापूर भागात तेव्हा काजूचा हंगाम असतो. आमच्या गल्लीतली चौथीची पोरगी सकाळी आजीबरोबर बागेत जाते, बोंडं पिळून बिया वेगळ्या करते. चिकाने बोटांची सालं निघालेली असतात. कुणी करवंदं विकतं, कुणी मामाच्या गावच्या जत्रेला जातं. बेळगावच्या पोरांना वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळा व्हायचं असतं. हे सगळं व्हायलाच हवं. गृहपाठाची वही पाठवून त्यावर पाणी ओतू नये, असं एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीचा, सदस्य असूनही मी म्हणतो.

पण दुपारी काय? ऊन उतरेपर्यंत पोरं मोबाईलला चिकटतात. वाचायची सवय सुटते, आणि आधी सुटतं ते कन्नड. घरात मराठी, गल्लीत मराठी. कन्नड कानावर पडतं ते शाळेत. त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाची ओत्तक्षरं, म्हणजे कन्नड जोडाक्षरं, जूनपर्यंत पार पुसली जातात. मग सेतुबंधात, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या उजळणीत, गुरुजी तीच पाटी पुन्हा गिरवून घेतात.

‘ओदुव बेळकु’ योजनेत 6 ते 18 वर्षांच्या मुलांना या वाचनालयांचं सभासदत्व फुकट आहे. चांगली योजना, तक्रार नाही. पण आमच्याकडचं कपाट उघडून बघा. स्पर्धा परीक्षेचे जाडजूड कन्नड ठोकळे, खालच्या फळीवर थोडी कन्नड चित्रांची पुस्तकं. पोरं येतात, चित्रं बघतात, पानं उलटतात आणि जातात. मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं कर्नाटक सरकार स्वतः छापतं. मग गोष्टीच्या पुस्तकांनीच काय घोडं मारलंय? (यात सीमावाद कृपया कुणी आणू नये. कन्नड काढा असं मी म्हणत नाही, उलट जास्त हवं आहे.)

खर्चही फार नाही. तुमच्या बेंगळुरूच्याच प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर शेकडो गोष्टी फुकट ठेवल्या आहेत. त्यातल्या कितीतरी गोष्टी मराठीत आहेत आणि कन्नडमध्येही. दोन्ही छापून शेजारी शेजारी ठेवल्या, तर आधी मराठीत वाचून समजलेली गोष्ट पोरगं कन्नडमध्ये अडखळत का होईना, पण वाचेल. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही बालभारतीने संकेतस्थळावर मोफत दिले आहेत. जिथे संगणक चालू आहे तिथे आजच वाचता येतील.

मागणी एवढीच. एप्रिल-मे महिन्यांत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी वस्तीच्या गावांत वाचनालय रोज दुपारी उघडं राहावं, तसा लेखी आदेश निघावा आणि जादा वेळेचं मानधन ग्रंथपालाला मिळावं. फुकट राबवलं तर दार आठवडाभरात बंद होईल.

शिक्षणमंत्र्यांशीही एकदा बोलून घ्या. 2024 च्या दुष्काळात सरकारने दुष्काळी तालुक्यांच्या शाळांत सुट्टीतही माध्यान्ह आहार देण्याचा निर्णय घेतला होता. तो आहार वाचनालयाच्या वेळेला जोडता आला, तर काजूच्या बागेतून परतलेली पोरं जेवून तिथेच बसतील.

पुस्तकं निवडायला माणसं लागली तर आमच्या शाळेतले गुरुजी आणि बाई तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. आदेश मात्र मार्चमध्ये यावा. मे महिन्यात आलेला कागद फायलीला लागतो, कपाटापर्यंत पोचत नाही.

आपला,
एक पालक आणि एसडीएमसी सदस्य
खानापूर तालुका, जि. बेळगाव