क्लंबरच्या बागेतल्या मावशींना

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

प्रबंध एकदाचा जमा झाला. आभाराच्या पानावर तुम्ही नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे उघड पत्र. नाव इथेही नाही, तेव्हा रागवू नका.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. इंग्लंडात नॉटिंगहमशायरमध्ये, वर्क्सॉप गावाजवळ क्लंबर पार्क आहे. तिथे तळ्याकाठी न्यूकॅसलच्या ड्यूकांचा अठराव्या शतकातला वाडा होता. १८७९ साली आगीत तो बराचसा जळाला. पुन्हा बांधला, तर १९१२ मध्ये परत आग. शेवटी १९३८ साली घराण्याने तो पाडूनच टाकला. १९४६ मध्ये ही इस्टेट नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि जागा जपणाऱ्या संस्थेकडे आली. आज वाड्याच्या जागी हिरवळ आहे. शेजारचं उंच मनोऱ्याचं चॅपल मात्र शाबूत, घर मोडलं तरी देवघर तेवढं राहावं तसं.

मी आले होते वाड्याच्या मागावर. तुम्ही मला त्या हिरवळीवर घटकाभर फिरू दिलंत आणि म्हणालात, "इथलं बघून झालं असेल तर भाजीच्या बागेत चल. तिथे अजून काम चालतं." तिथेच माझा विषय बदलला.

चार एकरांच्या त्या बागेभोवतीची विटांची भिंत मी आधी नुसतं कुंपण म्हणून बघत होते. तुम्ही मला नाक टेकेल इतकं जवळ उभं केलंत. विटांमधल्या दर्जांत बारीक भोकं होती, काहींत गंजलेल्या खिळ्यांचे तुकडे अडकलेले. फळझाडांच्या फांद्या पंख्यासारख्या पसरून, कापडाच्या पट्ट्यांनी या खिळ्यांना बांधायचे. वीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ऊब सोडते, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर पीच. सावलीच्या, उत्तरेकडच्या अंगाला आंबट मोरेलो चेरी, कारण ती तिथेही फळते. कुठल्या भिंतीला काय लावायचं हे उन्हावरून ठरलेलं. चोर आणि हरणं अडवणं हे त्या भिंतीचं जोडकाम. संध्याकाळी तुम्ही माझा हात विटेवर ठेवलात. हवेत गारवा होता, वीट चांगली कोमट होती. अभ्यासाच्या एकाही पुस्तकाने मला हे इतक्या लवकर पटवलं नसतं.

मग ते काचघर. साडेचारशे फूट लांब! पाहुणे द्राक्षांचे घड बघून "वा वा" करतात आणि चहाकडे वळतात. तुम्ही मात्र द्राक्षांच्या तासगावच्या. वेलीपाशी उभ्या राहून काडी दाखवलीत, तिच्यावरचे डोळे, म्हणजे फुटव्याच्या कळ्या, मोजायला लावलेत. आपल्याकडे एप्रिलला नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरला घडांसाठी फळ छाटणी. इथे थंडीत वेल झोपली की एकदाच. "इथली वेल स्वतःहून विश्रांती घेते, आपल्या वेलीला आपण द्यावी लागते," हे तुमचं वाक्य प्रबंधात घातलंय. मार्गदर्शकांनी त्याखाली दोन रेघा मारल्या. कौतुकाच्या, असं मी धरून चालले आहे.

माझं मत स्पष्ट लिहिते: इतक्या मोठ्या कारभारातलं मला सगळ्यात बघण्यासारखं वाटतं ते स्वयंपाकघराला माल पुरवणारं अंग. दिवाणखाने सांभाळणं परवडेना तेव्हा ते गेले. भिंतीवरचं पीच आजही पिकतं. ड्यूकसाहेबांना हे आवडलं नसतं, पण त्यांना विचारतंय कोण.

बाकीचे आभार भराभर. वर्क्सॉप स्टेशनवरून केलेल्या ने-आणीबद्दल. माळ्यांशी ओळख करून दिलीत त्याबद्दल. पावसात टेपचं दुसरं टोक धरून उभ्या राहिलात त्याबद्दल. आणि त्या रूबार्बच्या, म्हणजे इथल्या आंबट देठांच्या, मेथांब्याबद्दल! बागेत रूबार्बच्या शंभरावर जाती लावल्यात, पण त्याला मेथीची फोडणी आणि गूळ लावायचं डोकं तुमचंच. कैरीची आठवण येते, पण कैरीची सर नाही. हे तुम्हीही कबूल केलंत.

प्रत पोस्टाने पाठवली आहे. चौथ्या प्रकरणातल्या भिंतीच्या आकृत्या सवडीने तपासा आणि खटकेल तिथे पेन्सिलीने खुणा करा. थंडीत वेलींच्या छाटणीला माणसं कमी पडली तर फोन करा, मी कात्री घेऊन येते.

तुमची,
शेफिल्डची भाची