बी, एस, ओ ही तीन अक्षरं शोध

कोल्हापूर,
शनिवार, रात्री साडेदहा

प्रिय सुमे,

मनगट मोडल्याचं काल तू सांगितलंस, पण तुझ्याकडे फोन स्पीकरवर, शेजारी सासूबाई आणि भावजी बसलेले. "जप गं" म्हणून ठेवून दिला. बोलायचं होतं ते लिहून पाठवते. एकटीच वाच.

उंबऱ्याला पाय अडकून पडलीस आणि हाड मोडलं, तेही शेहेचाळिसाव्या वर्षी. पंचगंगेच्या घाटावर आपण किती वेळा आपटलोय, कधी काही मोडलं होतं का? रात्रभर डोक्यात एकच. सात वर्षांपूर्वी तुझी गर्भाची पिशवी काढली, तेव्हा नुसती पिशवीच काढली की दोन्हीकडच्या ओव्हऱ्या, म्हणजे अंडाशयंपण? तुला कुणी सांगितलं नसणार, आणि आपणही विचारलं नाही. "सुटलीस बाई कटकटीतून" म्हणत मीच तुला शिरा भरवला होता.

हे मला सुचलं कारण गेलं दीड वर्ष मी पाळी जायच्या वाटेवर आहे. डिसेंबरातली गोष्ट. काउंटरसमोर लोक स्वेटर घालून उभे, मी पाचशेचं बंडल मोजत होते. पन्नासपर्यंत आले असेन, छातीतून वाफ वर चढायला लागली. गळा, कानशिलं, मग टाळू. हनुवटीवरून थेंब टपकन व्हाउचरवर पडला, शाई पसरली. दोन-तीन मिनिटांत सगळं निवलं आणि वर हुडहुडी भरली. त्या दिवशी कॅश अडीच हजारांनी जुळेना. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. आठ वाजेपर्यंत शोधत बसले, घरी येऊन रडले. रात्री तीनला जाग, छातीत धडधड. ईसीजी स्वच्छ. एका डॉक्टरांनी मान वर न करता "वयाचं आहे" म्हणत झोपेच्या गोळ्या लिहिल्या. पाळी तीन-तीन महिने गायब होती, ते त्यांनी विचारलंच नाही.

शेवटी एक बाई डॉक्टर भेटल्या, त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं. इस्ट्रोजेन, म्हणजे ओव्हऱ्यांत तयार होणारं हार्मोन, पाळी आणि बाळंतपणापुरतं, असं आपण धरून चालतो. पण त्याची कामं मेंदूत, हाडांत, रक्तवाहिन्यांत, लघवीच्या पिशवीत, सगळीकडे. ते कमी झालं की मेंदूतलं, अंगाचं तापमान सांभाळणारं केंद्र जरा उबेनंही घाबरतं आणि घाम सोडतं. वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, हृदयाचा धोका वाढतो. हाडाचं तर मला माहीतच नव्हतं. हाड आयुष्यभर थोडं झिजतं, थोडं भरतं. झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेनची वेसण असते. ती सुटली की पाळी गेल्यावरच्या पाच-सात वर्षांत हाडाचा पाचवा हिस्साही जाऊ शकतो. दुखत-खुपत काही नाही. पहिल्यांदा कळतं ते मोडल्यावर, आणि बऱ्याचदा पहिलं मोडतं ते मनगट. म्हणून तर लिहायला बसले.

आपली पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन काही वर्षं हेलकावे खात उतरतं. दोन्ही ओव्हऱ्या काढल्या तर एका रात्रीत तळाला. ठेवल्या असतील तरी पिशवी काढल्यावर त्या कधी कधी लवकर थकतात, आणि तुला पाळीच नाही म्हटल्यावर कळणार कशावरून? ऊस तोडायला बीडकडून बायका येतात ना आपल्याकडे? २०१९ साली सरकारी समितीनं त्यांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कोयता घेऊन मोळ्या उचलणारी ती हाडं. वाचून मला जेवण गेलं नाही.

आता लाजेची गोष्ट. खाली कोरडेपणा, आग, लघवीला जळजळ. मी तीनदा अँटिबायोटिक घेतलं, एकदा तर तपासणीत जंतू नसतानाही. तिथली कातडीच पातळ झालेली. इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, तिथल्या तिथे काम करतं, रक्तात फारसं जात नाही. महिन्याभरात फरक पडला. यांच्याशी बोलायला मात्र मला सहा महिने लागले.

हार्मोनच्या गोळ्या म्हटलं की कॅन्सर, हे तू म्हणणारच. ती भीती २००२ साली अमेरिकेत या गोळ्यांची एक मोठी चाचणी मध्येच थांबवली तेव्हापासूनची. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर त्रास असलेल्या बऱ्याच जणींना फायदा जास्त, असं आता मानतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, रक्ताच्या गुठळ्या, लिव्हरचं दुखणं असेल तर नको. मला पिशवी आहे म्हणून इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन घ्यावं लागतं, नाहीतर आतलं अस्तर वाढून भलतंच व्हायचं. तुला ते लागायचं नाही. आणि ओव्हऱ्या इतक्या लवकर गेल्या असतील तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देतात, काही अडचण नसेल तर. सात वर्षं तुला कुणी त्याबद्दल बोललं नाही, याचा मला राग येतो.

प्लास्टर निघालं की डेक्सा करून घे. हाडाची घनता मोजतात, दहा-पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायचं. माझा आकडा उणे १.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. म्हणून रोज रंकाळ्याला झपाझप चालते, नाचणीची भाकरी खाते आणि गंगावेशीत म्हशीचं दूध समोर पिळून घेते. डी जीवनसत्त्व तपासलं, तेही कमीच होतं.

कपाटातली कागदांची पिशवी उपस, डिस्चार्ज कार्ड सापडेल. ऑपरेशनच्या नावापुढे बी, एस, ओ अशी तीन इंग्रजी अक्षरं आहेत का बघ. असतील तर दोन्ही ओव्हऱ्या गेल्या. असोत-नसोत, फोटो काढून पाठव. डावा हात प्लास्टरमध्ये असला तरी उजव्यानं तेवढं होईल.

तुझीच,
विजू

ता. क. भावजींनी हे पत्र वाचलंच तर वाचू दे.